टेलि-मानस १४४१६ : फौजी माणसाच्या आणि त्याच्या घराच्या किती उपयोगाची?

रजा संपवून परत गेलेला नवरा फोनवर नीट बोलत नाही, रात्री दोनला मेसेज करतो, "पोरांकडे लक्ष दे" असं पुन्हा पुन्हा म्हणतो. अशा वेळी सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या गावात बसलेल्या बायकोने कुणाला विचारायचं? पलटणीत फोन केला तर नवऱ्याचं नाव खराब होईल ही भीती, आणि शेजारी बोलावं तर उद्या गावभर होईल ही दुसरी भीती. या प्रश्नाला टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन १४४१६, हे आज सरकारी पातळीवरचं सगळ्यात सरळ उत्तर आहे. सेवा चांगली आहे, फुकट आहे आणि वापरायलाच हवी. पण ती कुठे पुरते आणि कुठे अपुरी पडते हे आधीच माहीत असलं, तर ऐन वेळी चुकीच्या दारात वेळ जात नाही.

टेलि-मानसची घोषणा २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सेवा सुरू झाली. मुख्य संस्था बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, तांत्रिक बाजू बंगळुरूच्याच ट्रिपल आयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेकडे. चोवीस तास चालते, वीस भाषांत बोलता येतं, त्यात मराठी आहे. १४४१६ लागला नाही तर १८०० ८९ १४४१६ लावायचा. दोन्ही नंबर टोल-फ्री आहेत. सैन्यासाठीचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्यात, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात म्हणजे एएफएमसीत सुरू झाला. त्या वेळचे सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेचे महासंचालक लेफ्टनंट जनरल दलजित सिंग यांनी त्याचं उद्घाटन केलं. आरोग्य आणि संरक्षण या दोन मंत्रालयांच्या करारातून हा कक्ष उभा राहिला. जवान, अधिकारी आणि त्यांच्या घरचे, सगळ्यांसाठी तो आहे.

वेगळा कक्ष कशाला, असं कुणालाही वाटेल. झोपेचंच उदाहरण घ्या. झोप येत नाही म्हणून फोन केला की साध्या हेल्पलाईनवर ठरलेला सल्ला मिळतो: रोज एकाच वेळी झोपा, सात-आठ तास झोपा, संध्याकाळनंतर चहा नको. पण पोस्टवर दोन तास पहारा आणि चार तास आराम अशी पाळी लागलेली असते. त्या माणसाला हा सल्ला दिला तर तो फोन ठेवतो आणि परत लावत नाही. त्याला उपयोगी पडतं ते वेगळंच असतं. चार तासांतली झोप तुकड्यात गेली तरी जागेपणाची वेळ ठरलेली ठेवायची. शेवटच्या पाळीआधी चहा टाळायचा, पहिल्या पाळीआधी घेतला तर चालतो. पहारा सुटल्यावर स्लीपिंग बॅगमध्ये शिरून मोबाईल काढायचा नाही. वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर उठून बसायचं, लोळत राहायचं नाही. पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, आल्यावर पहिले काही आठवडे झोप उलटसुलट राहणारच, हे त्याला आधीच सांगायचं. फिल्ड (सीमेवरची किंवा धोक्याच्या भागातली नेमणूक) म्हणजे काय, रजा नामंजूर होणं म्हणजे काय, सीओ साहेबांसमोर (पलटणीच्या प्रमुखासमोर) इंटरव्ह्यू म्हणजे काय, हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही अशा माणसाशी बोलणं हाच अर्धा उपचार आहे.

गरज किती मोठी आहे हे सरकारी आकड्यांवरूनच दिसतं. जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केली. त्यात लष्कराचे ६४२, हवाई दलाचे १४८ आणि नौदलाचे २९. निमलष्करी दलांबाबत गृह मंत्रालयाने दिलेली माहिती त्याहून बोलकी आहे. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत ७३० आत्महत्या, आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त जवान रजेवरून परत आल्यावरच्या. म्हणून घरच्यांनी सगळ्यात जास्त जागं राहायचं ते त्याला गाडीत बसवून दिल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. घरातलं भांडण, जमिनीची वाटणी, कर्जाचा हप्ता, आजारी आई, हे सगळं तो सोबत घेऊन जातो, आणि तिकडे ते कुणाला सांगायची सोय नसते.

एक फरक इथेच सांगायला हवा, कारण गावाकडे सगळेच "मिलिटरीत" असतात. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, संरक्षण मंत्रालयाखाली नाहीत. एएफएमसीचा कक्ष लष्कर, नौदल आणि हवाई दलासाठी आहे. पण १४४१६ हा नंबर देशातल्या कुणासाठीही आहे, त्यामुळे निमलष्करी दलातल्या माणसानेही तोच लावावा.

फोन कसा लावायचा

नंबर लागला की आधी भाषा निवडायची असते. कॉल साधारणपणे त्या-त्या राज्याच्या कक्षाकडे जातो. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून बरेच जवान तिथलंच सिम घेतात. अशा सिमवरून फोन केला तर समोर मराठी माणूस येईलच असं धरू नका. भाषा निवडताना घाई करू नका, आणि समुपदेशक जोडला गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: "मी फौजी आहे" किंवा "माझे मिस्टर सैन्यात आहेत, मला पुण्याच्या सैन्यदलाच्या कक्षाशी बोलायचं आहे."

मग काय सांगायचं? वय, किती वर्षं नोकरी, घरी कोण आहे, त्रास कधीपासून आहे, झोप-भूक कशी आहे, दारू किती, आधी कुठलं औषध चालू होतं का. एवढं पुरतं. पलटणीचं नाव, पोस्टचं ठिकाण, सोबत किती माणसं, कधी मूव्ह आहे, यातलं काही सांगायची गरज नाही, आणि कुणी विचारलंच तर "ते सांगता येणार नाही" एवढं म्हणून पुढे बोला. फिल्ड आहे की पीस, डोंगराळ आहे की वाळवंट, एवढ्याने समुपदेशकाचं काम भागतं.

बॅरेकमध्ये आजूबाजूला दहा जण असताना माणूस मोकळा बोलत नाही, आणि ही सेवा मुख्यतः बोलण्यावर चालते. तिचा हा खरा कमकुवत भाग आहे. अमेरिकेत ९८८ लावून १ दाबला की माजी सैनिकांसाठीच्या सेवेकडे फोन जातो, आणि नुसता मेसेज पाठवूनही बोलता येतं. टायपिंगची अशी सोय आपल्याकडे सैन्यासाठी मनापासून उभी राहायला हवी. तोवर एक साधी युक्ती वापरा. सुरुवातीलाच सांगायचं, "आसपास माणसं आहेत, मी हो-नाही एवढंच बोलेन, तुम्ही विचारा." चांगला समुपदेशक त्याप्रमाणे प्रश्न बदलतो. इअरफोन लावून मैदानावर चालत बोललात तर लोकांना वाटतं घरी बोलतोय.

पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक असतो. त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर तो मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे देतो, आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज असेल तर रुग्णालयाकडे पाठवतो. एका फोनमध्ये प्रश्न सुटेल अशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. पुढचा फोन कधी करायचा आणि तोवर काय करायचं, हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. कॉलची तारीख, वेळ आणि काय ठरलं ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

झोपेच्या गोळ्या फोनवर मिळतील या आशेने कुणी फोन करत असेल तर त्या मिळणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि अमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधं दुरून लिहून देता येत नाहीत.

फोन पुरेसा नसतो तेव्हा

जवानाच्या हातात किंवा हाताशी हत्यार आहे आणि तो मरण्याची भाषा करतोय, तर हेल्पलाईन हा पहिला उपाय नाही. शेजारचा माणूस हा पहिला उपाय आहे. त्याला एकटा सोडायचं नाही, बडीने, म्हणजे त्याच्या जोडीदार जवानाने, लघवीलाही सोबत जायचं. हत्यार आणि गोळ्या कोतमध्ये (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) जमा करायच्या, आणि ते काम शिक्षा वाटणार नाही अशा पद्धतीने करायचं: "आज तुझी ड्युटी बदलली, चल माझ्याबरोबर." मग सिनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांना कळवायचं आणि एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, गाठायची. जीव देण्याचा विचार येतोय का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो हा समज खोटा आहे. उलट विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. १४४१६ चा उपयोग इथे त्या बडीला आणि जेसीओंना होतो. एक जण जवानाजवळ बसलेला असताना दुसऱ्याने फोन लावून पुढे काय बोलायचं ते विचारून घ्यावं.

घरून बोलणाऱ्या बायकोला किंवा आई-वडिलांना अशी धमकी ऐकू आली तर फोन चालू ठेवायचा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने दुसऱ्या फोनवरून कंपनीत कळवायचं. म्हणून तो रजेवर असतानाच चार नंबर लिहून घ्या: कंपनी कमांडर, सिनियर जेसीओ, एमआय रूम आणि त्याचा बडी. "अहो, हे नंबर मला देऊन ठेवा" म्हटल्यावर बरेच जण टाळाटाळ करतात, तरी घ्याच. अशा वेळी कॅटेगरीचा, म्हणजे त्याचा तंदुरुस्तीचा दर्जा घसरेल का याचा, विचार करत बसायचं नसतं.

आता ज्या चुकीने जीव जातात ती सांगतो: मनाचा आजार समजून शरीराचा आजार सोडून देणं. फोनवरच्या माणसाला नाडी दिसत नाही, ताप दिसत नाही, चाल दिसत नाही. त्यामुळे अचानक सुरू झालेलं विचित्र वागणं हे फोनवर सोडवायचं प्रकरण नव्हे.

पहिला नमुना दारूचा. दोन महिने रजेवर रोज प्यायलेला माणूस पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला निघतो. प्रवासात दारू बंद. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमका ट्रान्झिट कॅम्पला किंवा पलटणीत पोचल्यावर, त्याला भास होतात, आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही, नसलेल्या माणसांशी बोलतो, मारायला धावतो. बघणारे म्हणतात, घरी काहीतरी झालंय, डोक्यावर परिणाम झाला. खरं तर ती दारू एकदम तोडल्याची तीव्र अवस्था असते, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. त्याला रुग्णालय लागतं: सलाईनआधी थायमिन म्हणजे बी-१ चं इंजेक्शन, फिट थांबवणारी औषधं आणि सतत देखरेख. रजेच्या शेवटच्या दिवशी एकदम बंद करू नका. निघण्याच्या बरंच आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करत आणा, आणि बंद केल्यावर थरथर सुरू झाली तर प्रवास पुढे ढकला. घरच्यांना एवढं माहीत असलं तरी पुष्कळ होईल.

दुसरा उंचीचा. लष्करात चढाईसाठी थांबे ठरलेले आहेत: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० वर चार दिवस, त्यावर आणखी चार दिवस. रजेवरून परतताना माणूस घाई करतो, किंवा "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" म्हणून डोकेदुखी लपवतो. उंचीवर झोप तुटते आणि चिडचिड होते, ते काही दिवसांनी ओसरतं. पण डोकं ठणकत असताना माणूस असंबद्ध बोलायला लागला, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नसेल, हातमोजा घालायचं सोपं कामही सुधरत नसेल, तर मेंदूला सूज आली असं धरून चालायचं. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं औषध आणि लगेच खाली उतरवणं हा उपाय. "टेन्शन घेतलंय, झोपू दे त्याला" हे वाक्य इथे जीवघेणं ठरतं.

तिसरा उन्हाचा. राजस्थानात किंवा भरतीनंतरच्या ट्रेनिंगमध्ये धावताना बरळू लागलेला मुलगा नाटक करत नसतो. त्याला आधी सावलीत न्यायचं, कपडे काढायचे, पाणी ओतून वारा घालत गार करायचं आणि मग न्यायचं. मलेरियाच्या भागातून आलेल्या जवानाचं बरळणंही रक्त तपासल्याशिवाय मनावर ढकलू नये.

कॅटेगरीची भीती

ही सेवा वापरण्यातली सगळ्यात मोठी अडचण फोनची नाही, "एस" या अक्षराची आहे. लष्करात तंदुरुस्ती "शेप" या पाच अक्षरांत मोजतात: एस म्हणजे मानसिक, एच ऐकणं, ए हातपाय, पी शारीरिक क्षमता, ई दृष्टी. प्रत्येकात १ ते ५ दर्जे. सगळीकडे १ म्हणजे शेप-वन. "एस" खाली आला की प्रमोशन अडतं, कोर्स अडतो, हत्यार मिळत नाही, आणि पलटणीत "पागल कॅटेगरी" असा शिक्का बसतो, ही भीती खोटी नाही. तिच्याशी खोटं बोलून तिला घालवता येणार नाही. जे खरं आहे ते नीट समजून घ्यायला हवं.

१४४१६ ला फोन केल्याने कॅटेगरी बदलत नाही. कॅटेगरी मेडिकल बोर्ड ठरवतं, हेल्पलाईन नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा हक्क आहे. त्याला अपवादही कायद्यातच आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल तर, किंवा न्यायालयाने आदेश दिला तर माहिती दिली जाऊ शकते. म्हणजे घरच्या काळजीने झोप उडाली, भांडण झालं, परीक्षेचं दडपण आलं, यासाठी केलेला फोन तुमच्यापुरता राहतो. जिवावर बेतलं असेल तर तिथे गुप्ततेपेक्षा जीव मोठा ठरतो.

प्रकरण पुढे गेलंच तर वाट साधारण अशी असते. पलटणीचा आरएमओ, म्हणजे डॉक्टर, जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलच्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, सोबत एस्कॉर्ट असतो. पलटणीकडून एएफएमएसएफ-१० हा फॉर्म मागवला जातो. जवानाचं काम, वागणं, शिस्त, घरची परिस्थिती याबद्दल कमांडिंग ऑफिसरने भरायचा तो अहवाल. या फॉर्मकडे फार दुर्लक्ष होतं. क्लार्कने जुन्या फॉर्मवरून दोन ओळी उतरवल्या की तज्ज्ञाला काहीच कळत नाही. त्याला हव्या असतात नेमक्या गोष्टी: कुठल्या तारखेपासून बदल दिसला, जेवण सोडलं का, कुणाशी बोलतो, दारूचं प्रमाण, रजा कधी मिळाली आणि कधी नाकारली. जवानाला ओळखणाऱ्या प्लाटून कमांडरने बसून हा मजकूर सांगितला तर निदान बदलू शकतं.

वॉर्डमध्ये काही काळ निरीक्षण आणि उपचार झाले की गरजेप्रमाणे सिक लीव्ह मिळते आणि मग तात्पुरती कॅटेगरी लागते. तिला टी-२४ म्हणतात, म्हणजे २४ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. या काळात साधारणपणे हत्यार, एकट्याची ड्युटी आणि उंचीवरची पोस्टिंग टाळतात. सुधारणा दिसली की दर्जा वर जातो आणि पूर्ण बरं झालं की एस-वन परतही मिळतो. कॅटेगरी म्हणजे घरी पाठवणं नव्हे. खरं नुकसान होतं ते औषध मध्येच सोडल्याने. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थपणा जास्त जाणवतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस म्हणतो "याने काही होत नाही" आणि बंद करतो. बरं वाटल्यावरही किमान सहा-नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. रिव्ह्यूच्या आधी "आता मी ठीक दिसलो पाहिजे" म्हणून कुणी औषध सोडतो, आजार उलटतो, आणि तात्पुरती कॅटेगरी कायमची होते. रजेवर जाताना औषध किती दिवसांचं दिलंय ते मोजा, रजेपेक्षा आठवडाभर जास्त घ्या.

युद्धभूमीवरच्या मानसोपचाराचा शंभर वर्षांपूर्वी पहिल्या महायुद्धात शिकलेला धडा आजही खरा आहे: उपचार जवळ, लगेच, आणि "तू कामावर परतणार आहेस" या भरवशाने. लांबच्या इस्पितळात उशिरा पाठवलेला माणूस आजारीच राहतो. १४४१६ यातलं "लगेच" फार चांगलं सांभाळते. "जवळ" सांभाळायला माणसं लागतात: बडी, आरएमओ आणि पलटणीचे पंडितजी, ग्रंथीजी किंवा मौलवीसाहेब. धर्मगुरूंचं प्रशिक्षण पुण्याच्याच इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होतं. पूजेनंतर मंदिराच्या पायरीवर पंडितजींशी बोलताना कुणाला सिक रिपोर्ट (आजारी असल्याची नोंद) भरावा लागत नाही, म्हणून बऱ्याच गोष्टी आधी तिथे कळतात. नौदलासाठी मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीत मानसोपचार केंद्र आहे, आणि गोवा, कारवार, कोची, विशाखापट्टणम इथे मानसिक आरोग्य केंद्रांची योजना सरकारने संसदेत सांगितली आहे.

ॲपबद्दल थोडक्यात. टेलि-मानसचं ॲप १० ऑक्टोबर २०२४ ला आलं. माहिती बरी आहे, ताणाची लक्षणं ओळखायला मदत होते. पीस स्टेशनवरच्या क्वार्टरमध्ये बायकोने वापरायला चांगलं. पोस्टवर नेट नसतं, कित्येक ठिकाणी मोबाईल जमा असतो, आणि कुठली ॲप ठेवायची यावर लष्कराचे स्वतःचे आदेश असतात. त्यामुळे जवानाने ॲपच्या भरवशावर राहू नये, नंबर पाठ करावा. स्फोट, चकमक किंवा साथीदाराचा मृत्यू पाहिल्यानंतर महिनाभराहून जास्त काळ तेच दृश्य झोपेत येत असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं पीटीएसडी कोच (पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा मानसिक त्रास) हे फुकट ॲप बघण्यासारखं आहे. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ३१-३३ च्या पुढे गेली तर तज्ज्ञाला भेटायचं. ते इंग्रजीत आहे, त्यामुळे घरातल्या शिकलेल्या मुलाला शेजारी बसवून भरावं लागेल, आणि काही प्रश्न मुलासमोर उत्तरं देण्यासारखे नाहीत हे लक्षात ठेवा.

समुपदेशनाने बांधावरचं भांडण मिटत नाही हेही खरं. ताणाचं मूळ जमिनीचा वाद असेल तर फोनवर मन हलकं करून घ्या आणि काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्या. कमांडिंग ऑफिसरचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना जाऊ शकतं, १९२५ च्या भारतीय सैनिक दावे कायद्याखाली सीमेवरच्या जवानाविरुद्धची दिवाणी सुनावणी पुढे ढकलून मागता येते, आणि नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, वीर परिवार सहायता योजनेतून जुलै २०२५ पासून मोफत वकिलाची सोय सुरू झाली आहे. वाद सैनिक कल्याण कार्यालयाकडे सोपवला आहे एवढं कळलं तरी जवानाची पहाऱ्यावरची रात्र सोपी जाते.

माजी सैनिकांनी काय करावं? निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष अवघड असतं. रोजचा फॉल-इन (रांगेतली हजेरी) नाही, हुकूम नाही, गावात कुणी साहेब म्हणत नाही, आणि कॅन्टीनची रम घरात आहे. यांनीही १४४१६ लावावा, मात्र औषधोपचार सुरू करायचा असेल तर मार्ग ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकचा आहे. तिथून मिलिटरी हॉस्पिटल किंवा पॅनेलवरच्या रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल घ्यायचं. जाताना ईसीएचएस कार्ड, नोकरीत असताना काही मेडिकल बोर्ड झालं असेल तर त्याची प्रत, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. रक्तदाबाची आणि साखरेचीही न्या, कारण काहींचा मनाच्या औषधांशी मेळ बसत नाही आणि ते पाकीट बघूनच डॉक्टरला कळतं.